हात थरथरतोय म्हणजे पार्किन्सनच का? जीपी आणि फिजिशियन डॉक्टरांसाठी आमचं रविवारचं सेशन

नमस्कार डॉक्टर,

सत्तरीचे आजोबा येतात, हात थरथरतोय, चाल मंदावलीय, सोबतचा मुलगा विचारतो "पार्किन्सन आहे का हो?", बाहेर वीस पेशंट खोळंबलेत, आणि आपण लेवोडोपा (पार्किन्सनचं मुख्य औषध) लिहून मोकळे होतो. सगळ्यांचंच होतं हे, म्हणूनच हा कोर्स काढला.

पहिला तास नुसता बघायचा. हात मांडीवर निवांत असताना गोळी वळल्यासारखी बोटं हलतायत का, की कप तोंडाशी नेताना चहा सांडतोय? दुसरं असेल आणि वडिलांचेही हात असेच कापायचे असं कळलं तर इसेन्शियल ट्रेमरचा (पार्किन्सनहून वेगळ्या थरथरीच्या आजाराचा) विचार करा, तिथे लेवोडोपाचं काम नाही, प्रोप्रॅनोलॉल चालतं, फक्त दमा आहे का ते आधी विचारायचं. आणि नुसत्या थरथरीवर पार्किन्सन म्हणायचं नाही, मंदपणा हवाच. अंगठ्यावर तर्जनी दहा वेळा टॅप करायला लावा, टॅप लहान लहान होत गेले, मध्येच अडकले की मंदपणा आहे असं समजायचं.

मग पिशवी. पेशंटची औषधांची पिशवी सरळ टेबलावर ओतायची. ॲसिडिटीच्या कॅप्सुलमध्ये पँटोप्रॅझोलसोबत लेव्होसल्पिराइड निघतं, चक्करसाठी सिनॅरिझिन, डोकेदुखीसाठी फ्लुनारिझिन, कोणीतरी पंधरा दिवसांसाठी दिलेलं आणि मेडिकलवाल्याकडून वर्षभर रिपीट होत राहिलेलं. ही औषधं डोपामिनला (हालचाली सुरळीत ठेवणाऱ्या मेंदूतल्या रसायनाला) अडवतात आणि हुबेहूब पार्किन्सन दिसतो. बंद केल्यावर सुधारायला काही आठवडे, कधी कित्येक महिने लागतात, त्यामुळे आठ दिवसांत फरक नाही म्हणून घाई करू नका. (त्या कॅप्सुलच्या चिठ्ठीवर कधीकधी आपलीच सही असते, असो.)

चाळिशीच्या आतला पेशंट असेल तर विल्सन डिसीज (शरीरात तांबं साठत जाणारा आनुवंशिक आजार) डोक्यात ठेवाच. रक्तातलं सेरुलोप्लाझ्मिन (तांबं वाहून नेणारं प्रोटीन) तपासायला पाठवा, डोळ्यांच्या डॉक्टरांकडून स्लिट लॅम्प तपासणी करून घ्या, वेळेत सापडला तर उपचार आहे, सुटला तर लिव्हर आणि मेंदू दोन्ही जातात.

उपचारात आम्ही जास्त वेळ टायमिंगला देतो. लेवोडोपा जेवणाआधी अर्धा ते एक तास, कारण डाळ-दूध-अंड्यातलं प्रोटीन त्याच्या आड येतं. "गोळी लागू पडत नाही" म्हणणारे बरेच जण ती जेवणावर घेत असतात. काही जण गुपचूप खाजकुइलीची पावडरही घेतात, तिच्यातही लेवोडोपाच असतो, तेव्हा विचारा. मान वाकडी होणाऱ्या डिस्टोनियाचं बोटुलिनम इंजेक्शन आम्ही फक्त दाखवतो, त्यासाठी पेशंट न्यूरोलॉजिस्टकडेच पाठवायचा.

पहिल्या बॅचला आम्ही स्लाइडवर स्लाइड दाखवल्या आणि जेवणानंतर निम्मा हॉल पेंगला, त्यामुळे आता व्हिडिओ जास्त. तुमच्याच पेशंटचा आणलात तर उत्तम, पण लेखी संमती घेऊन.

क्रेडिट पॉइंट्सचं: महाराष्ट्र मेडिकल काउन्सिलच्या रजिस्ट्रेशन रिन्यूअलला पाच वर्षांत 30 लागतात. ज्या सेशनला मंजुरी आलेली असते त्याचेच पॉइंट्स आम्ही सांगतो, आधी कबूल करून नंतर फिरवाफिरवी नाही. बॅच वीस जणांचीच, येताना टॉर्च आणि हॅमर घेऊन या.