०७१२ चे ४५८ कसे होतात: कॉन्फिग फॉरमॅटच्या वादाची पार्श्वभूमी

प्रोग्रामच्या सेटिंग (कॉन्फिग) कोणत्या फॉरमॅटच्या फाइलमध्ये लिहाव्यात, यॅमल, जेसन की टॉमल, हा वाद जुना आहे. समजा, विदर्भातल्या शाखांचे एसटीडी कोड यॅमल फाइलमध्ये अवतरणचिन्हांशिवाय लिहिले आणि ती फाइल पायथन भाषेच्या पाययॅमल लायब्ररीने (तयार कोडच्या संचाने) वाचली. नागपूरच्या ०७१२ चे ४५८ होतात, वर्ध्याच्या ०७१५२ चे ३६९०. भंडाऱ्याचा ०७१८४ मात्र जसाच्या तसा राहतो. एरर कुठेच नाही.

हे यॅमल १.१ च्या नियमानुसारच घडते. शून्याने सुरू होणारा आकडा अष्टमान पद्धतीचा (फक्त ० ते ७ अंकांचा) धरायचा, असे २००५ च्या त्या आवृत्तीत ठरले. भंडारा वाचतो, कारण अष्टमानात ८ हा अंकच नसतो. मग ती नुसती अक्षरे ठरतात. वेळेचेही तसेच. १८:३० हा साठमानातला (६० च्या पटीने मोजलेला) आकडा समजून १११० होतो, पण ०९:३० शून्यामुळे मजकूरच राहतो. म्हणजे ऑफिस उघडण्याची वेळ बरोबर आणि बंद होण्याची चूक. नॉर्वेचा देशसंकेत ‘एनओ’ नकार समजला जातो, हे उदाहरण तर बहुतेकांनी ऐकलेले असते.

२००९ च्या १.२ आवृत्तीने ‘एनओ’सारखे शब्द हो-नाही समजणे आणि साठमान काढून टाकले. तरी अनेक लायब्ऱ्या १.१ वरच थांबल्या, कारण नियम बदलला की जुन्या फाइलींचा अर्थ बदलतो. शिवाय १.२ मध्येही ०७१२ चे ७१२ होतातच. फक्त चूक जरा कमी विचित्र दिसते. दोष आकड्याचा नाही, न विचारता अंदाज बांधण्याचा आहे.

यॅमलकडे लोक वळले ते आधीच्या फॉरमॅटना कंटाळून. आयएनआयला एक ठरलेले मानक नव्हते. टिप्पणी (माणसांसाठीची, प्रोग्रामने सोडून द्यायची नोंद) अर्धविरामाने की हॅशने, हे ज्या-त्या प्रोग्रामवर. १९९८ च्या एक्सएमएलमध्ये मजकुरापेक्षा टॅग जास्त. जेसनमधून टिप्पण्या मुद्दाम काढल्या होत्या, कारण लोक त्यांत पार्सरसाठी (फाइल वाचणाऱ्या प्रोग्रामसाठी) सूचना लिहू लागले होते. डेटा पाठवायला ते ठीक. पण टाइमआउट ३० का ठेवला, हे कॉन्फिगमध्ये लिहायचे कुठे?

२०१३ साली आलेल्या टॉमलने (१.० आवृत्ती २०२१ ची) अंदाज जवळपास बंद केला. मजकुराला अवतरणचिन्हे सक्तीची, आणि उघडा ०७१२ दिसला की फाइल वाचणे तिथेच थांबते. तीन-चार पातळ्यांची रचना मात्र त्यात किचकट होते, आणि कुबरनेटीस किंवा अ‍ॅन्सिबलसारखी सर्व्हर सांभाळणारी साधने वापरायची तर यॅमल टाळणे अवघड जाते. तिथे कोड, वेळ आणि आवृत्ती क्रमांक अवतरणात टाकावेत, नाहीतर १.१० चा १.१ होतो.

पायथन ३.११ पासून (२०२२) टॉमल वाचणारे मॉड्यूल भाषेसोबतच येते. ते फक्त वाचते. सेटिंग परत लिहायची असेल तर वेगळी लायब्ररी लागते, आणि ती टिप्पण्या जपते का, हे आधी तपासावे. पाययॅमल जपत नाही.