पेडल रेडिओ

ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातील एकाकी वस्त्यांसाठी १९२०च्या दशकाच्या अखेरीस तयार झालेला, पायाने वीज निर्माण करून चालवण्याचा शॉर्टवेव्ह संदेशवहन संच. ॲडलेडचे अभियंते आल्फ्रेड ट्रेगर (१८९५–१९८०) हे त्याचे जनक. प्रेसबिटेरियन धर्मोपदेशक जॉन फ्लिन यांना या वस्त्यांवर विमानाने डॉक्टर पाठवायचे होते. ती विमानसेवा मे १९२८ मध्ये क्वीन्सलंडमधील क्लॉनकरी येथून सुरूही झाली. पण रोग्याची खबरच पोचली नाही, तर विमान असून काय उपयोग?

अंतराचा प्रश्न शॉर्टवेव्हने सोडवलाच होता. ३ ते ३० मेगाहर्ट्झच्या लहरी आयनांबरातून, म्हणजे वातावरणाच्या विद्युतभारित वरच्या थरातून, वळून जमिनीवर परततात, त्यामुळे मधे तारा किंवा मनोरे लागत नाहीत. अडत होते ते विजेपाशी आणि संच चालवणाऱ्यापाशी. बॅटऱ्या अवजड होत्या. जनित्र हाताने फिरवावे, तर ठिपके-रेघांच्या मोर्स लिपीची कळ दाबणार कोण? ट्रेगर यांनी जनित्राला सायकलची पेडले जोडली. बसल्या बसल्या सुमारे २० वॅट वीज मिळू लागली आणि हात मोकळे राहिले.

१९२९ मध्ये ऑगस्टस डाउन्स या पशुपालन केंद्रावर पहिला संच बसला. वस्तीवरून संदेश मोर्समध्ये जाई, क्लॉनकरीहून उत्तर मात्र बोलून येई. म्हणजे मोर्स ऐकून उलगडण्याचे अवघड काम घरच्यांवर पडत नसे. तरी पाठवण्यापुरती लिपी शिकावी लागेच. मग ट्रेगर यांनी टंकयंत्रासारखा कळफलक बनवला: अक्षर दाबले की त्याची मोर्स खूण आपोआप जाई. प्रत्यक्ष बोलणे १९३०च्या दशकातच शक्य झाले. ट्रेगर यांचे खरे कसब विद्युत्‌मंडलापेक्षा या सोयींत दिसते.

आयनांबर मात्र बेभरवशाचे. दिवसा त्याचा खालचा थर कमी कंप्रतेच्या (फ्रीक्वेन्सीच्या) लहरी शोषून घेतो, रात्री तो विरतो. म्हणून वेळ पाहून कंप्रता बदलावी लागते. वादळी हवेत खरखर वाढते आणि शब्द हरवतात. १९४२ पासून वस्त्यांवर क्रमांक घातलेल्या औषधांच्या पेट्या आल्या, त्याचा इथे फार उपयोग झाला. औषधाचे लांबलचक नाव ऐकू येण्यापेक्षा आकडा ऐकू येणे सोपे.

या जाळ्यावर खासगी असे काही नव्हते. एकाचे दुखणे सगळे ऐकत. ठरावीक वेळी गप्पांसाठी वाहिनी मोकळी ठेवली जाई. या बैठकांना गलाह या कलकलाटी काकाकुव्याचे नाव पडले. शेजारीण दीडशे किलोमीटरवर असलेल्या बायकांना त्यांचे मोल डॉक्टरइतकेच असावे. १९५१ मध्ये ॲलिस स्प्रिंग्ज येथे याच जाळ्यावर मुलांची शाळा सुरू झाली.

बॅटरीवर चालणारे सुधारित संच येताच पेडले गेली. शॉर्टवेव्ह जाळे मात्र पुढे कित्येक दशके टिकले. शाळेचे वर्ग उपग्रहावर गेले ते थेट एकविसाव्या शतकात.