एक टीबीची डिस्क, ९३१ जीबीची जागा

एक टेराबाइटची कोरी हार्ड डिस्क विंडोजच्या संगणकाला जोडली की पडद्यावर जेमतेम ९३१ जीबी दिसतात. बाकीची जागा ‘फॉरमॅटिंगमध्ये जाते’, हे यावरचे ठरलेले उत्तर. फॉरमॅटिंगला थोडी जागा लागते हे खरे, पण ७ टक्क्यांची तफावत तिच्यामुळे पडत नाही. डिस्कवर एक लाख कोटी बाइट असतात. विंडोज ते १००० ऐवजी १०२४च्या पटीत मोजते, एवढेच.

मुळात बाइट म्हणजे आठ बिट (बिट म्हणजे एक शून्य किंवा एक), हेही पहिल्यापासून ठरलेले नव्हते. बिट हा शब्द क्लॉड शॅननने १९४८च्या आपल्या लेखात वापरला आणि त्याचे श्रेय जॉन टुकीला दिले. बाइट आला १९५६च्या सुमारास, आयबीएमच्या ‘स्ट्रेच’ या यंत्रावर काम करणाऱ्या वर्नर बुखहोल्त्सकडून. त्या काळी सहा बिटांत एक अक्षर बसवणारी यंत्रे सर्रास होती. १९६४मध्ये आयबीएमने सिस्टिम/३६० आणली, तिने आठ बिटांचा बाइट घेतला आणि ती इतकी चालली की आठावरच शिक्कामोर्तब झाले.

खरा घोळ ‘किलो’ने घातला. मेमरीतल्या प्रत्येक जागेला पत्ता लागतो आणि तो शून्य-एकच्या अंकांत लिहिला जातो. पत्त्यात एक अंक वाढला की जागा दुप्पट होतात. दहा अंकांत १०२४. मेमरी बनवणाऱ्यांसाठी हजार हा आडनिडा आकडा, म्हणून त्यांनी १०२४लाच ‘के’ म्हणायला सुरुवात केली. फरक २.४ टक्क्यांचा, कोण बघतो! पण प्रत्येक पायरीवर तो वाढत जातो: मेगाला ४.९, गिगाला ७.४ आणि टेराला जवळपास १० टक्के.

डिस्कवाल्यांना अशी सक्ती नव्हती. तबकडीवर किती ट्रॅक, म्हणजे गोल पट्टे, आणि ट्रॅकवर किती सेक्टर, म्हणजे त्यांचे तुकडे, बसतील याचा दोनाच्या घातांशी संबंध नाही. शिवाय हजाराने मोजले की वेष्टनावरचा आकडा मोठा दिसतो, ही सोय त्यांना नकोशी झाली असेल असे वाटत नाही. नेटवर्कवाले तर आधीपासूनच हजाराने मोजत आले, आणि तेही बाइट नव्हे, बिट. त्यामुळे १०० मेगाबिटच्या जोडणीवर सेकंदाला फार तर १२.५ मेगाबाइट उतरतात.

या गोंधळाचा कळस म्हणजे ‘१.४४ एमबी’ची फ्लॉपी. दोन बाजू, प्रत्येकीवर ८० ट्रॅक, ट्रॅकवर १८ सेक्टर, सेक्टरमध्ये ५१२ बाइट, गुणाकार १४,७४,५६०. याला १०२४ने भागले की १४४० येतात, आणि मग कोणीतरी त्या १४४०ला १०००ने भागले! म्हणजे या फ्लॉपीचा मेगाबाइट १०,२४,००० बाइटचा, ना इकडचा ना तिकडचा.

अखेर १९९८मध्ये आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाने, म्हणजे आयईसीने, १०२४च्या पटींना वेगळी नावे दिली: किबीबाइट, मेबीबाइट, गिबीबाइट. तोडगा अगदी चोख, पण बोबड्या बोलासारखी ही नावे बाजारात कोणी उच्चारलीच नाहीत. लिनक्सच्या काही साधनांनी ती घेतली. दरम्यान अमेरिकेत ग्राहक कोर्टात गेले. २००६मध्ये वेस्टर्न डिजिटलने एका खटल्यात तडजोड करून ग्राहकांना बॅकअपचे सॉफ्टवेअर मोफत देऊ केले. ॲपलने २००९मध्ये मॅकवर फाइली आणि डिस्क सरळ हजाराने मोजायला घेतल्या. विंडोज मात्र भागते १०२४ने आणि लिहिते जीबी.

रॅमच्या बाबतीत कोणीच हटलेले नाही, हटणे सोयीचेही नाही. १६ जीबी रॅममध्ये १७,१७,९८,६९,१८४ बाइट असतात. शेजारी लावलेल्या १६ जीबीच्या पेनड्राइव्हवर कंपनी हिशेब धरते तो १६,००,००,००,००० बाइटचा.