लॉग घेऊन काढलेली रेषा आणि स्वतः लिहिलेलं फंक्शन

घटत जाणाऱ्या घातांकी वक्राबद्दल एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. एक्सेलमध्ये घातांकी ट्रेंडलाइन टाकली आणि तोच डेटा ग्नूप्लॉटमध्ये (आलेख काढणाऱ्या एका प्रोग्रॅममध्ये) स्वतःचं फंक्शन लिहून फिट केला, म्हणजे वक्र बिंदूंवर बसवला. सूत्र दोन्हीकडे तेच: सुरुवातीची किंमत गुणिले 'ई'चा घात, आणि घातात उणे दर गुणिले वेळ. मग दर वेगळा का येतो? बिघाड कुठेच नसतो. दोघांनी कमीत कमी केलेली गोष्टच वेगळी असते.

एक्सेल आधी सगळ्या मोजमापांचा नैसर्गिक लॉग घेतं आणि त्या लॉगमधून सरळ रेषा काढतं, त्यामुळे कमी होते ती लॉगमधली, मोजमाप आणि रेषा यांच्यातली तफावत. स्वतःचं फंक्शन दिलं की ग्नूप्लॉट मूळ एककातल्या तफावतींच्या वर्गांची बेरीज कमी करतं. पायथनच्या सायपाय लायब्ररीतलं कर्व्ह-फिट हे फंक्शनही तेच करतं. यासाठी सहसा लेव्हेनबर्ग (१९४४) आणि मार्क्वार्ट (१९६३) यांची, एका अंदाजापासून सुरू करून तो पायरीपायरीने सुधारणारी पद्धत वापरली जाते.

याने किती फरक पडतो ते आकड्यांतच पाहू. सुरुवातीची किंमत १००, दर ०.५ आणि प्रत्येक मोजमापातली अनिश्चितता सारखीच, २ धरू. वेळ शून्य असताना वाचन १०० ± २, म्हणजे लॉगमध्ये जेमतेम ०.०२ इकडेतिकडे. वेळ ६ असताना खरी किंमत साधारण ५ असते. तिथे तेच ± २ लॉगमध्ये खाली ०.५१ आणि वर ०.३४ होतं. शेपटाकडचा बिंदू लॉगमध्ये सुमारे वीसपट डळमळीत, शिवाय त्याची चूक एका बाजूला कललेली. रेषा मात्र दोन्ही बिंदूंना सारखंच महत्त्व देते, म्हणजे शेपटाला त्याच्या लायकीच्या सुमारे ४०० पट वजन मिळतं. वेळ ८ ला किंमत २ च्याही खाली जाते आणि एखादं वाचन सहज ऋण येऊ शकतं. ऋण आकड्याचा लॉग नसतो, म्हणून लोक असे बिंदू गाळतात. हे मला सगळ्यात घातक वाटतं. खाली घसरलेलेच बिंदू तेवढे काढले की उरलेलं शेपूट वर उचललं जातं आणि दर खोटाच कमी दिसतो.

म्हणून लॉग वाईट, असं मात्र नाही. चूक किमतीच्या प्रमाणात असेल, समजा सगळीकडे ५ टक्के, तर लॉग घेतल्यावर ती सगळीकडे सारखी होते आणि साधी रेषाच योग्य ठरते. अशा डेटावर वजन न देता स्वतःचं फंक्शन चालवलं तर मोठ्या किमतीच निकाल ठरवतात. ग्नूप्लॉटला अनिश्चिततेचा स्तंभ द्या, कर्व्ह-फिटला सिग्मा, म्हणजे तीच अनिश्चितता, द्या. तो न देता फिट करणं म्हणजे सगळ्या चुका सारख्या आहेत असं न बोलता मान्य करणं.

पार्श्वभूमी, म्हणजे वक्र शेवटी जिथे स्थिरावतो ती पातळी, शून्य नसेल आणि माहीतही नसेल तर निवड उरतच नाही. सूत्रात अधिक एक स्थिरांक आला की लॉग घेऊन ते सरळ होत नाही. तिथे स्वतःचंच फंक्शन हवं.

रेषेला सुरुवातीचा अंदाज लागत नाही, तुमच्या फंक्शनला लागतो. कर्व्ह-फिटला तो दिला नाही तर ते प्रत्येक पॅरामीटर (शोधायची किंमत, जसं की दर) १ धरतं. वेळ हजारो सेकंदांत असेल आणि दर १ धरला तर 'ई'चा उणे हजारावा घात संगणकाला शून्यच दिसतो. दर थोडा बदलून काहीच हलत नाही, म्हणून तो १ वरच अडकतो आणि कोव्हेरियन्स (ज्यावरून पॅरामीटरांची अनिश्चितता कळते) काढता आला नाही असा इशारा येतो. इथे लॉगची रेषा खरोखर उपयोगी पडते: तिच्या उताराचं चिन्ह उलटं करून तो दराचा, आणि 'ई'चा छेदाइतका घात हा सुरुवातीच्या किमतीचा अंदाज म्हणून द्यावा.

आणखी एक सापळा फंक्शन लिहिणाऱ्याचाच. वेळेतून 'सुरुवातीचा क्षण' वजा करून तोही पॅरामीटर म्हणून सोडला, तर घातांकी वक्रात तो सुरुवातीच्या किमतीतच मिसळतो. एक वाढवला आणि दुसरा त्या हिशोबाने कमी केला तरी वक्र तसूभर बदलत नाही. वक्र बिंदूंवर छान बसलेला दिसतो, पण त्या दोन पॅरामीटरांची अनिश्चितता प्रचंड येते किंवा काढताच येत नाही. त्यातला एक स्थिर ठेवावा.