जुन्या साडीचे कपडे

नेसून वापरलेली साडी उसवून, धुऊन, तपासून तिच्यापासून कुर्ता, स्कर्ट, जाकीट, परकर असे अंगावरचे कपडे शिवण्याची पद्धत. जुन्या कापडाचे तंतू करून पुन्हा सूत काढणे हा वेगळा उद्योग आहे. पानिपतात जुने लोकरी कपडे यंत्रात फाडून त्यांच्या तंतूंचे जाडे सूत कातले जाते आणि त्याची ब्लँकेटे विणली जातात. या युक्तीचे श्रेय इंग्लंडच्या यॉर्कशरमधील बॅटलीच्या बेंजामिन लॉ याला देतात (१८१३). फाडताना तंतू आखूड होतो, म्हणून सूत जाड व कमजोर निघते आणि त्यात बहुधा नवा तंतू मिसळावा लागतो. साडी शिवून वापरली की मूळ विणकाम, काठ, पदर सगळे शाबूत राहते, आणि कताई, विणाई, रंगाई यांचा पाणी-विजेचा खर्च दुसऱ्यांदा पडत नाही.

महाराष्ट्राच्या घरांत हे नवे नाही. आजीच्या लुगड्याचे परकर-पोलके, मऊ पडल्यावर बाळाचे दुपटे आणि झबले, विरल्यावर गोधडीचा थर आणि शेवटी पोतेरे, अशी कापडाची उतरंड ठरलेली असे. घरात न लागणारे कपडे बोहारीण भांड्यांच्या बदल्यात नेते. तिने गोळा केलेल्या साड्या जुन्या कपड्यांच्या बाजारात निवडून विकल्या जातात आणि शिवणारे पुष्कळदा तिथूनच माल उचलतात.

साडी कुठे झिजते

जुनी साडी म्हणजे ठाण नव्हे. ठाणातले कापड सगळीकडे सारखे असते, साडी मात्र नेसण्याच्या पद्धतीप्रमाणे ठरावीक जागी झिजते. या कामातले निम्मे कौशल्य ती झीज ओळखण्यात आहे, आणि नव्याने शिकणारे इथेच सर्वांत जास्त चुकतात.

सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर लांब व ४५ इंच पन्ह्याची, म्हणजे रुंदीची असते. तिचा खालचा काठ टाचेशी आणि जमिनीशी घासतो. फॉल लावलेला असेल तर काठ वाचतो, पण फॉलखालचा रंग गडद राहतो आणि टाक्यांच्या भोकांची ओळ उमटते. वरचा काठ कमरेत खोचलेला असल्याने चुरगळतो, पण घासला जात नाही. कुर्त्याच्या घेराला म्हणून हाच वापरावा. रेशमी साडीत मात्र कमरेच्या पट्ट्यात घामाने धागा कुजलेला असू शकतो, तिथे हात लावून पाहिल्याशिवाय विश्वास ठेवू नये. नेसताना सर्वांत आधी खोचले जाते ते आतले टोक रंगाने सर्वांत टवटवीत असते. खांद्यावर येणाऱ्या भागात पिनांची भोके असतात आणि पदराचे टोक उन्हाने विटलेले असते. वर्षानुवर्षे एकाच घडीत ठेवलेली रेशमी साडी घडीच्या रेघेवर तडकते. वरून ती रेघ दिसतही नाही, कापड ताणले की उलते.

म्हणून कात्री लावण्याआधी फॉल व पिको उसवून साडी खिडकीसमोर उजेडात धरावी आणि विरलेल्या जागांना खडूने गोल करावेत. मग दोन्ही हातांच्या अंगठ्यांत दोन इंचांचे अंतर ठेवून कापड आधी उभे, मग आडवे ताणावे. धागे सरकून जाळी पडली तर त्या जागेला अस्तराचा आधार लागेल. चर्र असा आवाज आला तर ते कापड बाहेरच्या थराला चालणार नाही, गोधडीत घालावे. कापड कशाचे आहे याची शंका असेल तर दोन धागे जाळून पाहावेत. सुताला जळक्या कागदाचा वास येऊन राख उरते, रेशमाला जळक्या केसांचा वास येऊन चुरगळणारा काळा मणी होतो आणि पॉलिएस्टर वितळून कडक गोळी होते.

धुणे

ओला पांढरा रुमाल साडीवर घासावा. रंग लागला तर ती वेगळी धुवावी आणि तिच्याशी फिकट अस्तर जोडू नये. आधीच रंगवलेल्या कापडाचा रंग मिठाच्या पाण्यात बुडवून पक्का होतो हा समज चुकीचा आहे. सुती साडी गार पाण्यात अर्धा तास भिजवून धुवावी. आटायची ती शिवण्याआधीच आटलेली बरी. रेशमाला रिठ्याचे पाणी, न पिळता, सावलीत वाळवणे. प्लास्टिकची जरी गरम इस्त्रीने आक्रसते, तेव्हा उलट बाजूने, मधे सुती कापड घेऊन इस्त्री फिरवावी.

बेतणे

काठ साडीच्या लांबीने, म्हणजे ताण्याच्या (लांबीच्या धाग्यांच्या) दिशेने जातो. काठ घेराला हवा असेल तर कुर्त्याचे पुढचे-मागचे भाग साडीत आडवे बेतावे लागतात. पन्हाच कपड्याची उंची होतो आणि ४० इंच उंचीचा कुर्ता किंवा घोट्यापर्यंतचा स्कर्ट जोड न देता निघतो. याची किंमत बाजूच्या शिवणीला मोजावी लागते. तिथे शिवण बाण्याच्या (रुंदीच्या) धाग्यांना समांतर येते आणि अंगाचा ताण पडला की गुळगुळीत रेशमात बाण्याचे धागे टाक्यांसह सरकतात. बगलेखाली शिवणीच्या कडेला बारीक शिडीसारखी फट दिसू लागली की हेच घडले आहे असे समजावे. उपाय तीन, आणि जुन्या रेशमाला तिन्ही लागतात: अर्ध्याऐवजी एक इंच माया (शिवणीबाहेर सोडलेले कापड), दोन-तीन इंच जास्तीचा सैलपणा, आणि बाहेरच्या थरापेक्षा किंचित घट्ट बेतलेले मलमलीचे अस्तर, म्हणजे ताण अस्तर झेलते.

बाह्यांच्या कुर्त्याला सव्वादोन ते अडीच मीटर साडी लागते. झिजलेले भाग वगळल्यावर एका साडीतून एक कुर्ता आणि एखादे बिनबाह्यांचे जाकीट किंवा मुलीचा परकर निघतो. आधी ताण पडणारे भाग बेतावेत: बाह्या, बगल, खांदा, पाठ. त्यांना आतल्या टोकाचे बळकट कापड द्यावे. पदराचा देखणेपणा पुढच्या पॅनलला किंवा जाकिटाच्या पाठीला शोभतो. कळीदार कुर्त्याची आयताकृती व त्रिकोणी पॅनले एकमेकांना चिकटून कापली जातात, त्यामुळे चिंधी फारशी उरत नाही. अंगाबरोबर वळणाऱ्या कापांत बरेच कापड कोपऱ्यांत जाते आणि जुने कापड तशा तंग बेतात टिकतही नाही.

इरकली साडीत एक नाजूक जागा हमखास असते. कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यातील इलकलच्या विणकरांकडे सुती अंगाचा ताणा आणि रेशमी पदराचा ताणा फासे अडकवून जोडण्याची रीत आहे, तिला ‘तोपे तेणी’ म्हणतात. या जोडाच्या दोन बाजू धुण्यात वेगवेगळ्या आटतात, म्हणून तो बगलेत किंवा बसताना ताणल्या जाणाऱ्या भागात येऊ देऊ नये. पैठणीच्या पदराचे नक्षीकाम रंगीत बाण्यांचे तुकडे गुंतवून केलेले असते. ते कापताच कडेने सुटू लागते, तेव्हा कापायच्या रेघेच्या आतून आधी बारीक टीप मारावी, मग कात्री चालवावी. मात्र रफू करून अजून नेसता येईल अशी हातमागाची पैठणी कापणे म्हणजे तिची हानीच. खऱ्या, म्हणजे चांदीच्या तारेच्या जरीच्या साड्या चांदीसाठी जाळणाऱ्यांना विकण्यापेक्षा काठ काढून दुसऱ्या कपड्याला लावणे केव्हाही चांगले.

शिवण

रेशमाला ९ किंवा ११ नंबरची सुई, जाड सुतीला १४. बोथट सुईने रेशमाचे धागे ओढले जाऊन आडव्या रेघा पडतात. दोरा कापडापेक्षा बळकट नसावा. विरलेल्या सुती साडीवर पॉलिएस्टरचा दोरा लावला तर ताणात दोरा तसाच राहतो आणि टाक्यांच्या ओळीत कापड फाटते. सुती दोरा घेतला तर आधी शिवण उसवते आणि ती पुन्हा घालता येते. टाका दोन ते अडीच मिलिमीटरचा ठेवावा, त्याहून बारीक टाक्याने कापड भोकांनी कमजोर होते.

फार विरलेल्या सुती साड्यांचे उत्तम वस्त्र म्हणजे गोधडीच्या टाक्यांचे जाकीट. तीन थर एकावर एक अंथरून मधून कडेकडे कच्चे टाके घालावेत, मग पाव इंच अंतराच्या ओळींनी धावदोरा घालावा. टाक्यांनी कापड आक्रसते, म्हणून आधी संपूर्ण तुकड्याला टाके घालून घ्यावेत आणि मगच जाकीट कापावे. आधी कापून मग टाके घातले की जाकीट एक माप लहान होते. मधल्या थराला जुने धोतर चांगले. सिंथेटिक साडी घातली तर थर एकमेकांवरून सरकतात आणि घामही टिपला जात नाही.

पॉलिएस्टर जॉर्जेटच्या साड्यांचे स्कर्ट छान लफ्फेदार पडतात आणि शिवण्याने त्यांचे आयुष्यही वाढते. पण धुताना त्यातून प्लास्टिकचे सूक्ष्म तंतू सुटतच राहतात, त्यामुळे क्वचित धुतल्या जाणाऱ्या कपड्यांसाठीच त्या घ्याव्यात.

उरलेल्या पट्ट्या तिरप्या कापून गळ्याला पायपिंग, पोटली बटणे, लटकन आणि बटवे होतात.

विकत घेताना

‘रिसायकल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही कपड्यांचे कापड गिरणीचे नवे असते. खऱ्या जुन्या साडीच्या कपड्यात सहसा काही खुणा सापडतात: काठाजवळ फॉलच्या टाक्यांच्या भोकांची ओळ, त्यावरच्या पट्टीत किंचित गडद रंग, एखादा रफू. दोन नग हुबेहूब सारखे मिळाले तर चौकशी करावी. आतून शिवण उलगडून माया पाहावी, आणि रेशमी कपड्याला बगलेत अस्तर नसेल तर तो घेऊ नये.