स्कॅनर यायच्या आधीपासूनचं कलर स्कॅनिंग

गेल्या महिन्यात ओळखीचे एक काका आले, सोबत पेनड्राइव्ह. वडिलांनी काढलेली गोदाघाटाची जलरंगातली चित्रं, त्यांचं पुस्तक करायचंय, आणि "सगळी 300 डीपीआयला स्कॅन केलीत रे, आता काही अडचण नको." फाइल उघडली तर रामकुंडावरच्या आकाशातला फिका निळा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, पूर्ण उडालेला, कोरा कागद आणि आकाश एकच. मूळ चित्रात तो निळा इतका सुंदर आहे की जीव तुटला. त्यांना समजावायला बसलो तेव्हा लक्षात आलं की 300 हा आकडा, म्हणजे इंचाला 300 पिक्सेल, सगळ्यांना पाठ आहे पण तो आला कुठून आणि त्याच्या जोडीला अजून काय काय होतं हे फार कुणाला माहिती नसतं, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यातून काढायला हवी, की स्कॅन म्हणजे चित्राचा फोटो. छपाईच्या धंद्यात स्कॅनर आला तो फोटो काढायला नाही, तो आला रंग सोडवायला. सेपरेशन करायला. प्रेसवर शाई चारच, सायन (आकाशी निळी), मजेंटा (गडद गुलाबी), यलो (पिवळी) आणि काळी, मग समोरच्या चित्रातला प्रत्येक रंग या चौघांत वाटायचा कसा, हा खरा प्रश्न, आणि तो स्कॅनरच्या कितीतरी आधीचा आहे.

1861 मध्ये मॅक्सवेलनं लाल, हिरव्या आणि निळ्या फिल्टरमधून तीन वेगवेगळे फोटो काढून ते एकावर एक प्रोजेक्ट केले आणि रंगीत चित्र दाखवलं. तो प्रकाशाचा खेळ होता. शाईचा हिशोब उलटा असतो, शाई प्रकाश खाते, तो हिशोब फ्रान्सच्या द्यु ओरोंनं 1860 च्या दशकाच्या शेवटी मांडला. लाल फिल्टरमधून काढलेल्या निगेटिव्हवरून सायनची प्लेट, हिरव्यावरून मजेंटाची, निळ्यावरून यलोची. आजचा महागातला महाग स्कॅनरसुद्धा चित्र याच तीन रंगांत बघतो. मग 1880 च्या दशकात हाफटोन आला, म्हणजे जाळीच्या काचेतून फोटो काढून चित्राचे लहानमोठे ठिपके पाडायचे, आणि मग फोटो आणि छपाई यांचं खऱ्या अर्थानं जमलं.

आपल्याकडे त्या काळात रंगीत चित्र म्हणजे दगड. राजा रविवर्मांचा प्रेस 1894 ला मुंबईत सुरू झाला, नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, तिथं एकेका रंगासाठी वेगळा लिथोचा, म्हणजे छापायचा, दगड, आणि कुठल्या दगडावर किती रंग घ्यायचा हे कारागीर नजरेनं ठरवायचा, म्हणजे सेपरेशन माणसाच्या डोळ्यात होतं. आणि इथं आपला नाशिकचा माणूस येतो. दादासाहेब फाळके, जन्म त्र्यंबकेश्वरचा, 1870. सिनेमाचे जनक म्हणून सगळे ओळखतात, पांडवलेण्याखाली स्मारक आहे, पण सिनेमाच्या आधी ते छपाईतले होते हे फारसं कुणी सांगत नाही. रविवर्मा प्रेससाठी त्यांनी फोटो-लिथोचं, म्हणजे फोटोवरून दगडावर चित्र उतरवायचं, काम केलं, मग स्वतःचा एन्ग्रेव्हिंगचा आणि छपाईचा धंदा काढला, आणि 1909 मध्ये थेट जर्मनीला गेले ते रंगीत छपाईचं तंत्र आणि मशिनरी बघायला. मला हे फार मोठं वाटतं. ज्या कामासाठी आज आपण एक बटण दाबतो त्यासाठी हा माणूस बोटीनं जर्मनी गाठतो.

नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. 1926 पासून भारताची पोस्टाची तिकिटं तिथं छापली जायला लागली आणि 1952 मध्ये संत आणि कवींची मालिका आली, कबीर, तुलसीदास, मीरा वगैरे, ती फोटोग्राव्ह्युअरनं, म्हणजे फोटोवरून कोरलेल्या प्लेटनं. तिकीट भिंगाखाली धरून बघा, तोंडावरची सावली किती मऊ उतरलीय.

आता खरी अडचण. शाया शुद्ध नसतात. सायननं फक्त लाल प्रकाश खायला हवा पण ती थोडा हिरवा आणि निळाही खाते, मजेंटा निळा खाते, त्यामुळे फिल्टरमधून प्रामाणिकपणे तीन निगेटिव्ह काढले आणि छापले तर सगळं मळकट येतं, निळं आकाश जांभळट होतं, हिरवी झाडं मातकट. म्हणून प्रोसेस कॅमेऱ्यावर, म्हणजे छपाईचे निगेटिव्ह काढायच्या मोठ्या कॅमेऱ्यावर, काम करणारे लोक मास्क बनवायचे, म्हणजे एका निगेटिव्हवर दुसऱ्याची फिकी पॉझिटिव्ह चढवून जास्तीचा रंग कापायचा, आणि त्याउपर उरलेलं करेक्शन हातानं, ब्रश आणि केमिकल घेऊन एकेक ठिपका बारीक करत. एका चित्राला दिवस जायचे. फोटोशॉपमध्ये अनशार्प मास्क असतो ना, तो "मास्क" शब्द तिथलाच आहे, मुद्दाम आउट ऑफ फोकस केलेली फिल्म मूळ फिल्मवर चढवली की कडा उठून दिसायच्या.

हे सगळं विजेवर करता येईल का, यातून स्कॅनर जन्मला. 1930 च्या दशकात कोडॅकमध्ये अलेक्झांडर मरे आणि रिचर्ड मोर्स यांनी फिरणाऱ्या ड्रमवर ट्रान्स्परन्सी, म्हणजे स्लाइडसारखी पारदर्शक रंगीत फिल्म, लावून ती ठिपक्याठिपक्यानं वाचायचं यंत्र मांडलं, नंतर टाइम मासिकवाल्या कंपनीनं ते पुढे नेलं. युद्धानंतर जर्मनीत कील शहरात रुडॉल्फ हेल आणि इंग्लंडात जॉन क्रॉसफिल्ड, या दोघांच्या कंपन्यांनी हा धंदाच बदलून टाकला. आत काय होतं, तर काचेसारखा पारदर्शक ड्रम गरगर फिरतोय, बारीक प्रकाशाचा ठिपका फिल्ममधून जातोय, तो तीन फिल्टरमधून तीन फोटोमल्टिप्लायर ट्यूबवर, म्हणजे अगदी अंधुक प्रकाशही मोजणाऱ्या नळ्यांवर, पडतोय, आणि सर्किट तिथल्या तिथं मास्कचं गणित करून सायन-मजेंटा-यलो-काळा काढतंय, त्याच दमात दुसऱ्या ड्रमवर फिल्म एक्स्पोज होतेय. फाइल नावाचा प्रकारच नाही! चित्र आत गेलं, बाहेर चार फिल्म, एकेका शाईची एक. 1957 मध्ये अमेरिकेत रसेल कर्शनं आपल्या तान्ह्या मुलाचा फोटो स्कॅन करून कॉम्प्युटरमध्ये घातला, 176 बाय 176 पिक्सेलचा, ती डिजिटल फोटोची सुरुवात म्हणतात, पण तो रस्ता वेगळा होता, छपाईवाल्यांचा स्कॅनर आणि कॉम्प्युटरवाल्यांचा स्कॅनर एकत्र यायला अजून बरीच वर्षं गेली.

ड्रम स्कॅनरची लोक अजून आठवण काढतात ती उगीच नाही. चांगल्या स्लाइडचा सगळ्यात गडद भाग पडलेल्या प्रकाशाचा जेमतेम तीन हजारावा भाग पलीकडे सोडतो, कागदावरच्या फोटोत हेच प्रमाण शंभरावा भाग वगैरे. त्या तीन हजाराव्या भागातसुद्धा साडीची चुणी आहे, केसांची बट आहे, आणि फोटोमल्टिप्लायर ती बघतो, साध्या फ्लॅटबेडला, म्हणजे काचेवर कागद पालथा ठेवायच्या टेबलावरच्या स्कॅनरला, तिथं नुसता काळा दिसतो आणि वर रंगीत ठिपक्यांची कचकच.

नाशिकमधून आम्ही हे काम मुंबईला न्यायचो. पंचवटी एक्स्प्रेसनं सकाळी निघायचं, पाकिटात टीपी, म्हणजे ट्रान्स्परन्सी, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये. प्रोसेस हाऊसमध्ये, म्हणजे स्कॅन करून छपाईच्या फिल्म काढून देणाऱ्या ठिकाणी, ऑपरेटर ती तेल लावून ड्रमवर चिकटवायचा, तेलामुळे ओरखडे भरून निघतात आणि फिल्म-काचेच्या मधली ती इंद्रधनुष्यासारखी वर्तुळं येत नाहीत. चित्र असेल तर आणखी एक पायरी, कारण जाड कागद ड्रमवर वाकत नाही, मग आधी मोठ्या कॅमेऱ्यावर त्याची 4 बाय 5 इंची टीपी काढायची आणि ती स्कॅन करायची. एकदा एकानं टीपी उलटी लावली आणि देवीचा उजवा हात डावीकडे गेला, ते प्रूफवर, म्हणजे छपाईआधीच्या नमुन्यावर, दिसलं म्हणून वाचलो, नाहीतर सगळं कॅलेंडर रद्दी झालं असतं.

आणि 300 चं म्हणाल तर ते असं. आर्ट पेपरवर, म्हणजे गुळगुळीत चकचकीत कागदावर, ठिपक्यांची जाळी साधारण 150 ओळींची असते, इंचाला 150. प्रत्येक ठिपक्याला दोन्ही दिशांनी दोन-दोन पिक्सेल मिळाले की काम भागतं, म्हणून 150 गुणिले 2. वर्तमानपत्राला 85 ची जाळी, तिथं 170 पुरे. पण हा आकडा छापायच्या साइझला आहे, मूळ चित्राच्या साइझला नाही, आणि गोची इथंच होते. 36 मिलिमीटरची स्लाइड ए4 करायची म्हणजे सव्वाआठ पट, मग स्कॅन जवळपास 2500 ला हवा. ए4 ची चार रंगांची फाइल साधारण 35 एमबी होते, आज काहीच नाही, पण 1.44 एमबीच्या फ्लॉपीच्या जमान्यात ती न्यायला 44 एमबीची सायक्वेस्ट कार्ट्रिज लागायची.

नव्वदीत सगळं टेबलावर आलं. फ्लॅटबेड स्कॅनर स्वस्त झाले, फोटोशॉप आलं, 1993 मध्ये 8 कंपन्यांनी मिळून आयसीसी ही संस्था काढली आणि फाइलला प्रोफाइल, म्हणजे तिच्यातले आकडे नेमके कुठले रंग हे सांगणारी नोंद, जोडायची पद्धत पडली. हे चांगलंच झालं, माझं काही म्हणणं नाही. पण या गडबडीत एक काम दोन ठिकाणी वाटलं गेलं. आता स्कॅनर फक्त आरजीबी, म्हणजे लाल-हिरवा-निळा, देतो, चार शायांत रंग सोडवणं नंतर कुठंतरी सॉफ्टवेअरमध्ये होतं, आणि बरेचदा ते कुणीच बघत नाही. जुना ऑपरेटर हायलाइटमध्ये, म्हणजे चित्राच्या सगळ्यात उजळ भागात, 3 ते 5 टक्क्यांचा ठिपका राहिला पाहिजे म्हणून स्वतः पॉइंट मोजायचा. काकांच्या स्कॅनमध्ये ऑटो लेव्हल, म्हणजे उजेड-अंधार आपोआप ताणणारं सेटिंग, चालू होतं, त्यानं कागदाबरोबर तो फिका वॉशही पांढरा करून टाकला. रिझोल्यूशन बरोबर, चित्र गेलं.

आता पुन्हा स्कॅन करतोय. ऑटो सगळं बंद, 16 बिट म्हणजे रंगाच्या जास्त बारीक पायऱ्या, बाजूला रंग ताडून बघायला कलर पॅच ठेवून, आणि प्रत्येक चित्र दोनदा, दुसऱ्या वेळी फिरवून, कारण फ्लॅटबेडचा दिवा एका बाजूनं पडतो आणि हातकागदाचा खरखरीतपणा डाग पडल्यासारखा दिसतो. सीएमवायके, म्हणजे चार शायांतली वाटणी, अजून केलेलं नाही, कारण ती कागद बघून करायची असते. मुंबईच्या प्रोसेस हाऊसमधला तो ऑपरेटर टीपी हातात घ्यायच्या आधी विचारायचा, "कागद कुठलाय?" काकांनाही मी तेच विचारलंय, ते दोन नमुने घेऊन रविवारी येणार आहेत.