विजय कोणाच्या खात्यात? डेट्रॉइट टायगर्सचे पिचर आणि बदलत गेलेली मोजपट्टी

१४ सप्टेंबर १९६८. डेट्रॉइटच्या टायगर स्टेडियमवर बेसबॉलच्या डेट्रॉइट टायगर्स संघाचा पिचर (क्रिकेटमधल्या बोलरसारखा चेंडू टाकणारा) डेनी मॅक्लेन हंगामातल्या तिसाव्या विजयासाठी उतरला होता. या खेळात प्रत्येक सामन्याचा विजय आणि पराभव एकेका पिचरच्या नावावर लावतात. १९३४ मध्ये डिझी डीनने तो टप्पा गाठला, त्यानंतर कोणालाच जमला नव्हता. ओकलंड संघाच्या रेजी जॅक्सनने मॅक्लेनला दोन होम रन (क्रिकेटमधल्या षटकारासारखे फटके) ठोकले आणि शेवटच्या इनिंगमध्ये टायगर्स ४-३ असे मागे होते. मॅक्लेनऐवजी अल केलाइनला बॅटिंगला पाठवलं, म्हणजे मॅक्लेनचं काम तिथेच संपलं. पुढचं सगळं त्याने डगआउटमधून, म्हणजे संघाच्या बाकावरून पाहिलं. ओकलंडच्या एका वाकड्या थ्रोवर बरोबरी झाली, विली हॉर्टनने लेफ्ट फील्डरच्या डोक्यावरून चेंडू मारला, टायगर्स ५-४ ने जिंकले. तिसावा विजय मॅक्लेनच्या नावावर लागला, कारण तोवर संघाचा पिचर तोच होता.

पिचरचं मोल विजयांवर करायची सवय तोवर मुरलेली होती. बेसबॉलमध्ये आकडेवारीची गोडी लावली हेन्री चॅडविकने. जन्म इंग्लंडमधला, न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांसाठी आधी क्रिकेटच्या बातम्या लिहिणारा हा माणूस. बेसबॉलच्या धावफलकाची मांडणी त्याने क्रिकेटच्या धर्तीवर बसवली. आपल्याला हा खेळ परका वाटतो, पण त्याच्या चोपडीत क्रिकेटचंच रक्त आहे. फरक एवढाच की आपण सामना बोलरच्या नावावर कधी लावला नाही. पाच बळी घेऊनही संघ हरला तरी ते पाच बळी त्याचेच.

मॅक्लेनने ते वर्ष ३१ विजय, ६ पराभव असं संपवलं. त्या हंगामात पिचर इतके वरचढ ठरले की १९६९ पासून त्यांचा उभं राहायचा उंचवटा १५ इंचांवरून १० इंचांवर आणावा लागला.

मग आला जॅक मॉरिस, टायगर्सच्या १९८४ च्या विजेत्या संघाचा आधार असलेला पिचर. कारकिर्दीत २५४ विजय, पण नऊ इनिंगमागे, म्हणजे एका पूर्ण सामन्यामागे दिलेल्या धावांची सरासरी ३.९०. त्याला हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत घ्यावं का, यावर वर्षानुवर्षं भांडणं झाली. पत्रकारांच्या मतदानात १५ वर्षं तो अडकून राहिला. अखेर २०१८ मध्ये वेगळ्या समितीमार्फत दार उघडलं. उलट टोकाला टायगर्सचाच पिचर माइक मॅरॉथ. २००३ मध्ये टायगर्स ११९ सामने हरले आणि त्यातले २१ पराभव एकट्या मॅरॉथच्या माथी मारले गेले. इतक्या दुबळ्या संघात कोणीतरी दर पाचव्या दिवशी चेंडू हातात घ्यायचाच होता. मला तर ती जिद्दच वाटते.

याच सुमारास बेसबॉलच्या आकडेवारीचा अभ्यासक वॉरॉस मॅक्रॅकनचा विचार पसरत होता. २००१ मध्ये त्याने मांडलं की स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बॅटर बाद), वॉक (चार चुकीच्या चेंडूंवर बॅटरला फुकट पहिला बेस) आणि होम रन बऱ्यापैकी पिचरच्या हातात असतात. बाकी मैदानात पडलेला चेंडू आउट ठरतो की हिट (बॅटरला बेस मिळवून देणारा फटका), यात फील्डर आणि नशिबाचा वाटा मोठा. २०१५ पासून सगळ्या मैदानांवर बॅटवरून सुटलेल्या चेंडूचा वेगही मोजला जाऊ लागला.

टायगर्सचा पिचर टॅरिक स्कूबलकडे डेट्रॉइटचे चाहते आज याच नजरेने बघतात. ड्राफ्टच्या (नव्या खेळाडूंच्या निवडीच्या) नवव्या फेरीत निवडलेला डावखुरा, २०२२ मध्ये हाताची शस्त्रक्रिया, आणि २०२४ व २०२५ अशी सलग दोन वर्षं सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार. २०२५ मध्ये २४१ स्ट्राइकआउट, वॉक फक्त ३३. विजय तेरा, पण त्याची कोणी फारशी चर्चा केली नाही.

टायगर्सचा बॅटर स्पेन्सर टॉर्केलसनची पारख जास्त अवघड. २०२० च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकाची निवड, म्हणून अपेक्षा डोंगराएवढ्या. २०२२ मध्ये बॅटिंगची सरासरी .२०३ (हजार संधींमागे २०३ हिट) आणि ८ होम रन, २०२३ मध्ये ३१ होम रन, २०२४ मध्ये पुन्हा खालच्या लीगमध्ये, टोलेडोला रवानगी. ‘हा वाया गेला’ असं तेव्हा अनेकांनी ठरवून टाकलं. २०२५ मध्ये परत ३१. सरासरी .२४० च, पण तेवढ्यावर त्याला मोजणं म्हणजे मॅरॉथला २१ पराभवांवर मोजण्यासारखं. पहिल्या क्रमांकावर निवडलेला मुलगाही बॅटर म्हणून हळूहळूच घडतो.

१० ऑक्टोबर २०२५, सिएटल, तिथल्या संघाविरुद्धच्या बाद फेरीतल्या मालिकेचा निर्णायक सामना. स्कूबलने सहा इनिंगमध्ये तेरा जणांना स्ट्राइकआउट केलं, एकच धाव दिली आणि २-१ अशी आघाडी असताना तो थांबला. सिएटलने बरोबरी साधली आणि पंधराव्या इनिंगमध्ये टायगर्स ३-२ ने हरले. विजय-पराभवाच्या रकान्यात त्या दिवशी स्कूबलच्या नावापुढे काहीच नाही.